स्टेपनीचा खालचा सूर

आमच्या बँडचं नाव ‘स्टेपनी’, कारण तो टायरच्या दुकानात जन्मला. दुकान माझ्या थोरल्या दिरांचं. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणते. रविवारी शटर अर्धं खाली ओढायचं, टायरच्या चळती भिंतीशी सरकवायच्या आणि मधल्या मोकळ्या जागेत वाद्यं मांडायची, असा आमचा सराव. लग्न होऊन या घरात आले तेव्हा रबराच्या वासाने डोकं धरायचं. आता वास येत नाही, याचीच काळजी वाटते.

बँडमधली माणसंही पंक्चरमुळेच गोळा झाली. ड्रम वाजवणारा बँकेत कॅशियर आहे. चाक बदलायला आला आणि काम होईपर्यंत शेजारच्या टायरवर बोटांनी ठेका धरून बसला. दादांनी त्याला जाऊच दिलं नाही. त्याला रक्तदाबाचा त्रास, त्यात हे हवा भरायचं दुकान, म्हणून त्याचं नाव पडलं ‘प्रेशर’. कीबोर्डवाल्या मॅडम शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर कीबोर्ड दिसला आणि दादांनी पंक्चर काढता काढता त्यांचं मन वळवलं.

गिटार आणि गाणं माझ्या नवऱ्याकडे. त्याला पहिली गिटार दादांनीच घेऊन दिली. सासरे गेले, दादांनी कॉलेज सोडून दुकान हातात घेतलं, त्याच वर्षी. स्वतःसाठी त्यांनी बेस घेतला. जाड तारांची, खालच्या सुरात घुमणारी गिटार. बेसच का, असं विचारलं तर म्हणायचे, “वरचं सगळ्यांनाच हवं असतं गं. खालचं कुणीतरी सांभाळायला नको?”

मी काहीच वाजवत नाही. मी तक्रार केंद्रात फोन घेते, म्हणजे दिवसभर लोकांचं ऐकून घेण्याचा पगार मिळतो. कार्यक्रमात मी प्रेक्षकांच्या मागे मिक्सरवर बसते. आवाजाचा मिक्सर, चटणीचा नव्हे. त्यावर प्रत्येक वाद्याचं एक बटण असतं. वर सरकवलं की लोकांना ते वाद्य मोठं ऐकू येतं, पार खाली ओढलं की येतच नाही. वाजवणाऱ्याच्या पायाशी मात्र वेगळा स्पीकर असतो, त्यात त्याला स्वतःचं वाजवणं ऐकू येतच राहतं. दादांनी हे काम मला शिकवलं आणि मला नाव दिलं, ‘कान’. कार्यक्रम संपला की वायर गुंडाळत माझ्याकडे यायचे आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायचे, “कान, आज बेस कसा होता?”

बाहेरून ऐकणारी मी एकटीच. म्हणून माझ्या शब्दाला किंमत.

चाकाचे नट काढायला हवेवर चालणारी गन असते. ती हातात थरथरते. इतकी वर्षं ती धरून दादांची बोटं बधिर व्हायला लागली. थंडीत टोकं पांढरी पडायची. डॉक्टरांनी गन सोडा म्हणून सांगितलं, दादांनी डॉक्टर सोडला. बेसवर त्यांचं बोट उशिरा पडू लागलं. फार नाही, पण बेस उशिरा पडला की सगळं गाणं लंगडतं. एका कार्यक्रमानंतर आयोजकांनी तोंडावर सांगितलं, पुढच्या वेळी तयारीने या.

त्या रात्री माझा नवरा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “दादाला काढायचं नाही. त्याला कळलं तर तो खचेल. फक्त त्याचं वाजवणं बाहेर जाऊ द्यायचं नाही. मॅडम कीबोर्डवरच डाव्या हाताने बेसचे सूर सांभाळतील.”

“आणि मी काय करायचं?”

“तू बटण खाली ठेव. थोडे दिवस.”

थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष होत आलं. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. फोनवरचे सोडले तर एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही, ऑफिसातला साहेबही माझ्याशी जपून बोलतो. पण बँड सुधारला होता, बोलावणी वाढली होती, दादा खुशीत होते, आणि मला वाटलं, यात वाईट कुणाचं होतंय? दादा यायचे, विचारायचे, मी म्हणायची, “मस्त होता, दादा.” ते बोटं चोळत हसायचे. मला ते हसू बघवायचं नाही म्हणून मी वायरच्या गाठी सोडवत बसायची. नसलेल्या गाठीसुद्धा.

मग सासूबाई कार्यक्रमाला यायला तयार झाल्या.

त्यांना ऐकू कमी येतं. वरचे आवाज गेलेत, खालचे तेवढे राहिलेत. दारावरची घंटा, फोन, माझी बडबड, यातलं काही पोचत नाही. (आमचं दोघींचं छान जमतं, त्याचं श्रेय मी यालाच देते.) पण ट्रक गेला की म्हणतात, “केवढा आवाज करतात मेले!” दादांची खोली त्यांच्या खोलीच्या बरोबर वर आहे. रोज संध्याकाळी दादा वर बेस घेऊन बसतात. सासूबाई खाली पलंगावर बसून भिंतीला तळहात टेकवतात. मला वाटायचं, आधार घेतात.

“आई, एकदा तरी समोर बसून ऐक,” दादा त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले. “धाकट्याचं गाणं तुला नाही कळायचं, पण माझं कळेल.”

कार्यक्रम बागेतल्या मंडपात होता, दुपारचा. सासूबाईंना मी माझ्या शेजारीच बसवलं. त्यांची खुर्ची मोठ्या स्पीकरला लागून ठेवली, म्हणजे त्यांना हात टेकता येईल. त्यांनी केस नीट बसवले, चष्मा पुसला. स्टेजवरून दादांनी हात हलवला. मी बटणं लावली. सगळी वर, एक खाली.

पहिलं गाणं जोरात झालं. मॅडमचा डावा हात घड्याळासारखा चालतो. सासूबाईंचा तळहात स्पीकरवर होता. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. दादा डोळे मिटून वाजवत होते, घाम पुसायलासुद्धा थांबत नव्हते. मग सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं आणि त्यांच्या नेहमीच्या चढ्या आवाजात विचारलं, “थोरला कधी वाजवणार?”

पुढच्या रांगेतली दोन माणसं वळून बघायला लागली.

“वाजवतायत की, आई. ते बघा.” मी स्टेजकडे बोट दाखवलं.

“ते दिसतंय मला. उभा आहे नुसता. हे दुसरं कुणीतरी वाजवतंय. थोरला असा नाही वाजवत, तो जरा थांबून येतो.” आणि पुन्हा स्पीकरवर हात ठेवून, शहाण्या मुलीसारख्या वाट बघत बसल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही जे वर्षभर लपवत होतो, ते त्यांना भिंतीतून रोज ऐकू येत होतं. त्यांना ती चूक वाटतच नव्हती. तो त्यांचा मुलगा होता.

शेवटच्या गाण्याला मी दादांचं बटण वर सरकवलं.

दोन बेस एकमेकांवर आपटले. मॅडमनी चमकून माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी डावा हात हळूच उचलून मांडीवर ठेवला. नवऱ्याने गाता गाता माझ्याकडे असं बघितलं की घरी काय वाढून ठेवलंय ते कळलं. दादा एकटेच राहिले, उशिरा पडत, चुकत. प्रेशरने काय केलं असेल? त्याने ठेका ढिला केला, दादांसाठी थांबून थांबून वाजवायला लागला. गाणं लंगडलंच. टाळ्याही बेताच्या पडल्या. पण सासूबाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “आला.”

सामान आवरताना दादा आईजवळ आले. “काय गं, कसं वाटलं?”

“एकाच गाण्याला वाजवलंस होय रे? एवढी मला आणली आणि बाकीच्या वेळी नुसता उभा?”

दादा हसले. “सगळी वाजवली, आई.”

“मला नको सांगूस. तुझं मला ऐकू येतं.”

दादा अजून हसतच होते. मग त्यांच्या लक्षात आलं की आणखी कुणी हसत नाही. प्रेशर ड्रमचे स्क्रू फिरवत होता. मॅडम स्वच्छच असलेला कीबोर्ड पुसत होत्या. माझा नवरा गिटारच्या पेटीवर वाकला होता, ती बंद झाली होती तरी. दादांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग माझ्याकडे आले.

“कान, आज बेस कसा होता?”

“शेवटच्या गाण्याला होता, दादा.”

“आणि आधी?”

“आधी मी बंद ठेवला होता.”

“आजच?”

मी मान हलवली. नाही.

त्यांनी मिक्सरवरच्या आपल्या नावाच्या चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. ती अगदी नव्यासारखी होती, बाकीच्या हात लागून लागून काळ्या पडल्या होत्या. “आणि मी दर वेळी तुलाच विचारत होतो,” ते म्हणाले. आवाज चढला नाही. मग नेहमीसारखे सगळ्यात जड खोके त्यांनीच उचलून गाडीत ठेवले आणि घरापर्यंत गाडीही त्यांनीच चालवली.

घरी नवरा त्यांच्या पाया पडायला गेला तर म्हणाले, “ऊठ, दमला असशील.” रविवारी त्यांनी शटर उघडून दिलं, टायर सरकवले, चहा मागवला आणि पान्हे लावत बसले. बेस आणला नाही. आम्ही चौघांनी एकही गाणं पुरं केलं नाही.

आता संध्याकाळी वर शांतता असते. तिसऱ्या दिवशी सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, “थोरला कधी वाजवणार? वर जाऊन विचार गं.”

मी जिना चढले. दार लोटलेलं होतं. बेस पेटीत बंद होता आणि दादा खिडकीशी बसून गरम पाण्याच्या भांड्यात बोटं शेकत होते.

“दादा, आई विचारतायत. वाजवणार का म्हणून.”

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. “सांग तिला, वाजवतोय. तुला जमतं ते.”

मी खाली आले. सासूबाईंनी तळहात भिंतीला टेकवला होता आणि डोळे मिटून घेतले होते. मी त्यांच्या शेजारी बसले, तोंड त्यांच्या कानाजवळ नेलं, आणि वरच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, “वाजवत नाहीत, आई. आमच्यामुळे.”