बैलमास्तरची शिकवणी

रविवारी सकाळी बैलमास्तरने पोरीला ओसरीवर बसवलं आणि जाहीर केलं, आठवड्याचा सगळा गृहपाठ आज एका दमात उरकायचा. गावातले अडेल गोऱ्हे औताला लागायचे ते त्याच्या हाताखाली, म्हणून लोक त्याला बैलमास्तर म्हणत, आणि हे नाव त्याने जरा जास्तच मनावर घेतलं होतं. एवढे गोऱ्हे वठणीवर आणले, तिथे चौथीतल्या पोरीची काय कथा!

कारणही तसंच होतं. शाळेतल्या बाईंनी बोलावून पोरीची वही दाखवली होती. प्रत्येक पानावर आठांपैकी दोन गणितं पुरी, तिसरं अर्धवट. महिनाभरात सुधारणा दिसली नाही तर पोर याच वर्गात राहील, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. घरी लक्ष देता ना, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मास्तरने छाती काढून हो म्हटलं. खरं म्हणजे त्याचं लक्ष इतकंच, की पोर लिहायला बसली रे बसली की तो गोठ्यातून हाका मारायचा. दावं आण, पाणी दे, जरा कासरा धर.

चार तासांनी पोरीने वही मिटली, भिंतीकडे तोंड केलं आणि हलेना. मास्तरने चुचकारलं, दटावलं, खाऊचं आमिष दाखवलं. पोर ढिम्म. शेवटी त्याने हात उगारला, तशी बायको बाहेर आली.

"अहो, नवा गोऱ्हा पहिल्या दिवशी किती वेळ जुंपता?"

"अर्धा तास."

"आणि दमायच्या आत सोडता. रोज तीच वेळ, तीच वाट, आणि तुम्ही सोबत चालता. हे मी सांगायचं का तुम्हाला?"

मास्तरचा वर गेलेला हात हळूच डोकं खाजवायला लागला. वीस वर्षं लोकांच्या जनावरांना जी माया दाखवली, ती पोटच्या पोरीच्या वाट्याला आली नाही, या विचाराने त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीखाली चटई पडली. ऊन उतरलं की अर्धा तास पोरीने लिहायचं आणि त्याने शेजारी बसायचं. हाक मारायची नाही, उठायचं नाही. पोर आठवडाभरात रुळली. मास्तरच रुळेना. पायाला मुंग्या यायच्या, बाहेर कुणी खोकलं तरी मान वळायची. चौकातल्या भर गप्पांतून तो उठायला लागला, तशी माणसं म्हणायची, मास्तरला कुणीतरी दाव्याला बांधलंय. तोही हसायचा, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

महिन्याने बाईंनी पुन्हा वही दाखवली. पानोपानी आठच्या आठ गणितं पुरी. पोर पुढच्या वर्गात जाईल, म्हणाल्या, आणि आता तिची ती बसेल, तुम्ही नसलात तरी चालेल. मास्तर वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला, की गोऱ्हा नीट शिकला की शिकवणाऱ्याकडे वळूनसुद्धा बघत नाही.

त्या संध्याकाळी तो चौकात ऐसपैस बसला. पण ऊन उतरलं आणि त्याचं गप्पांत मन लागेना. उठून घरी आला तर पोर मान खाली घालून लिहीत होती. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही. मास्तरला आतून वाईट वाटलं. दारात घुटमळत त्याने उगीच घसा खाकरला.

पोर लिहिता लिहिताच चटईवर जराशी सरकली.

"बसायचं तर बसा, बाबा. पण मधेच उठायचं नाही."

मास्तर गपगुमान मांडी घालून बसला.