कडेपासून दोनशे

छपरात मधेच बसवलेल्या पारदर्शक पत्र्यातून सकाळचे ऊन कारखान्यात उतरत होते. त्याला कसलीही घाई नव्हती. आधी ते क्रेनच्या पिवळ्या तुळईवर टेकले, मग साखळीच्या एकेका कडीवरून खाली आले, ग्राइंडरच्या धुळीत क्षणभर घुटमळले आणि शेवटी टेबलावरच्या पोलादी प्लेटवर, जणू तिच्याचसाठी निघाले असावे तसे, आडवे झाले. त्या उजेडात फिटर फडक्याने प्लेट पुसत होता. चारही भोकांच्या कडा त्याने बोटाने चाचपल्या, आणि शेजारी पसरलेला नकाशा ओठ हलवत वाचू लागला.

ते हलणारे ओठ तरुण अभियंत्याला सहन होत नसत. हाच माणूस घरी वर्तमानपत्रही तसेच वाचत असे, आणि त्याची बायको, म्हणजे अभियंत्याची ताई, कौतुकाने ऐकत असे. एवढी शिकलेली ताई! दोन वर्षे तो त्यांच्याकडे राहत होता. घरी हा माणूस त्याला ‘मेहुणे’ म्हणे, इथे ‘साहेब’. दोन्ही हाकांत त्याला थट्टाच ऐकू येई. तो स्वतः त्याला कुठेच, कोणत्याच नावाने हाक मारत नसे. बुजऱ्या माणसाचा तिरस्कार असाच असतो, बिनआवाजाचा.

“साहेब, एक विचारू?”

“विचारा.”

“हे दोनशे मिलिमीटर कुठून धरलेत?”

“खांबाच्या कडेपासून भारापर्यंत. लिहिलंय की. वाचता येतं ना?”

“येतं. ओठ हलवून येतं, पण येतं.”

अभियंत्याने मान वळवली. खांबाला चार बोल्टांनी बसणारी, एका बाजूला बाहेर आलेली प्लेट आणि तिच्या टोकाला सहा टनांचा भार. वरिष्ठांच्या सहीशिवाय, केवळ त्याच्या सहीने बाहेर पडलेला हा त्याचा पहिला नकाशा होता.

“कडेवर आमचा भरवसा नसतो,” फिटर म्हणाला. “गॅसनं कापलेली कड ती. आम्ही आधी सेंटर पकडतो, मग माप घेतो.”

“दोन-चार मिलिमीटरनं काही बिघडत नाही.”

“दोन-चारचं नाही म्हणत मी.” त्याने खडूने समोरासमोरची भोके तिरप्या रेघांनी जोडली आणि रेघा जिथे छेदल्या तिथे अंगठा टेकवला. “वजन खाली ओढतं, पण प्लेट मुरडते. मुरडते ती ह्याच्याभोवती. कडेभोवती नाही.”

मुरडते! ज्या गोष्टीवर त्याने पानेच्या पाने समीकरणे लिहिली होती, तिच्याविषयी हा माणूस असा बोलत होता, जणू पोलाद नव्हे, कुणाचा तरी घोटा.

“हिशेब मी केलाय,” तो म्हणाला.

“केलाच असणार. दुपारी चढवायचंय हे, आणि पहिलं वजन उचलताना खाली मी असतो. म्हणून विचारलं. आणखी दोन बोल्ट मधल्या ओळीत आले असते, तर बरं झालं असतं. बाकी हट्ट नाही.”

अभियंता नकाशा उचलून केबिनमध्ये गेला. या अडाणीपणाला आकड्यांनीच गप्प करावे, एवढाच त्याचा हेतू होता. खांबाची रुंदी दोनशे. तिचा मध्य, म्हणजे फिटरच्या अंगठ्याची जागा, कडेपासून शंभर आत. त्याने दोनशेच्या जागी तीनशे लिहिले, निव्वळ त्या माणसाचे समाधान म्हणून. सर्वात ताणलेल्या बोल्टावर पूर्वी चार टनांहून थोडा अधिक भार येत होता. आता साडेपाच आला. बोल्टाची ताकद साडेचार होती.

त्याने पेन्सिलीला टोक केले आणि पुन्हा मांडले. साडेपाच. मग चाराऐवजी सहा बोल्ट धरले. उत्तर साडेचारच्या आत आले, जेमतेम, नखभर.

तो परतला तेव्हा ऊन प्लेटवरून सरकून टेबलाच्या पायाशी आले होते. मधल्या ओळीत दोन जागा खडूने आखलेल्या होत्या; भोक पाडण्याआधीची पंचची खूण मात्र ठोकलेली नव्हती. फिटर नुसता थांबला होता.

“पाडा भोकं,” अभियंता प्लेटकडे बघत म्हणाला. “खांबालाही.”

फिटर ड्रिलकडे वळला. ड्रिलची तार सोडवता सोडवता सहज म्हणाला, “नकाशावर कारण लिहावं लागेल ना? लिहा, फिटरनं चुकून दोन भोकं जास्तीची पाडली. मला कोण काय म्हणणार? तुमच्या ताईला तर माझ्या चुकांची सवयच आहे.”

तो हसला, आणि त्या हसण्यात थट्टा कुठेच नव्हती. अभियंत्याने ती शोधून पाहिली.

नकाशाच्या कोपऱ्यात ‘बदलाचे कारण’ असा अरुंद रकाना होता. त्याने ‘फिटरने’ एवढे लिहिले. ड्रिल सुरू झाले, टेबल थरथरू लागले, शाईची रेघ किंचित हलली. त्याने तो शब्द खोडला आणि खाली लहान अक्षरांत, ओठ हलवत, लिहिले:

अंतर चुकीच्या जागेपासून मोजले. मोजणारा मी.