चार बोटं उघडी काच

"त्या गाडीत पोरीला मागे झोपू द्यायचं नाही. झोपलीच तर उठवायचं. रडली तरी चालेल," लोरेन म्हणाली होती, आणि मारिसा हसली होती.

तोंडावर नव्हे. सासूच्या तोंडावर हसण्याइतकी ती उद्धट नव्हती. हातातली बशी पुसता पुसता ती "बरं" म्हणाली आणि सिंककडे तोंड वळवून हसली. लोरेनच्या सूचनांना अंतच नसे. ओल्या केसांनी दाराबाहेर जायचं नाही. पंख्याखाली निजायचं नाही. बाळाचे पाय उघडे ठेवायचे नाहीत. वारा हा लोरेनचा जन्माचा वैरी होता. वॉरन गावातल्या त्यांच्या बैठ्या विटांच्या घरात प्रत्येक दाराच्या फटीशी तिने शिवलेली एकेक कापडी वळकटी पडलेली असे, जुन्या चादरीची, आत चिंध्या ठासून भरलेली. शाळेच्या खाणावळीत सत्तावीस वर्षं पोरांना वाढत आलेली ही बाई. मारिसा जीवशास्त्राची पदवीधर. वाऱ्याने आजार होत नाहीत, हे तिने सासूला दोनदा नीट समजावूनही सांगितलं होतं.

आणि हीच लोरेन नवऱ्याच्या गाडीत बसली की आपल्या बाजूची काच चार बोटं खाली करायची. जानेवारीतसुद्धा. बाहेर बर्फाचे ढीग, आत ही डोक्याला रुमाल बांधून बसलेली, नाक लालबुंद, आणि काच चार बोटं उघडी. कॅझ, म्हणजे मारिसाचे सासरे, दर वेळी तोच विनोद करायचे. "घरात बाईसाहेबांना झुळूक सोसत नाही, गाडीत मात्र वादळ लागतं." सगळे हसायचे. मारिसाही.

आता तिला सगळ्यात जास्त राग येतो तो त्या हसण्याचा.

नोव्हेंबरात लोरेन गेली. दुखणं कळल्यापासून सात आठवड्यांत. मे महिन्यात गाडीचा प्रश्न निघाला.

गाडी सत्तर सालची. दोन दारांची, लांब नाकाची, उभी असली तरी पुढे झेपावल्यासारखी दिसणारी. कॅझनी ती अठ्ठ्याहत्तर साली कुणाकडून तरी वापरलेली घेतली, तेव्हा ते पत्रा दाबण्याच्या कारखान्यात नवे होते आणि हाताची दहाही बोटं शाबूत होती. मूळचं इंजिन काढून त्यांनी दुप्पट दांडगं बसवलं. मागची चाकं रुंद केली. हिरवा रंग खरवडून जांभळा दिला, म्हणून घरात ती 'जांभळी'च झाली. आणि कारखान्याने मागच्या बंपरपर्यंत नेलेल्या धुराच्या नळ्या त्यांनी मागच्या चाकांच्या अलीकडेच, गाडीच्या पोटाखाली कापून टाकल्या. "आवाज कानाला नाही, बरगड्यांना लागला पाहिजे," ते म्हणायचे.

डेरेकने, मारिसाच्या नवऱ्याने, व्हर्न टकर नावाच्या माणसाला बोलावलं. जुन्या गाड्या पुन्हा मूळच्यासारख्या करून देणारा हा माणूस विजेरी घेऊन तासभर गाडीखाली लोळला आणि उठून म्हणाला की मूळ इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात गुंडाळलेलं आहे ही देवाची कृपा. दोन वर्षं द्या, कारखान्यातून निघाली तशी करून देतो. हिरवी. आणि कारखान्यातले लोक त्या काळी सीटच्या स्प्रिंगांत गाडीचा मागणीचा कागद, म्हणजे तिच्यात काय काय बसवायचं त्याची यादी, खोचून ठेवत, तो जर कुठे सापडला तर ह्या गाडीच्या बदल्यात घर येईल.

कॅझ ताटातला कोबीचा रोल काट्याने नुसता उलटापालटा करत बसले होते. व्हर्न गेल्यावर म्हणाले, "माझी चाळीस वर्षं खरवडून काढायला आलाय हा."

डेरेकचं मन मूळ रूपाकडे झुकलं होतं. तो पैशाचं बोलत नव्हता, 'वारसा' असं काहीतरी म्हणत होता. दोघांनी मारिसाकडे पाहिलं. निर्णय तिने दिला, हे तिला कुणी विसरू देत नाही, म्हणजे ती स्वतःच. ती म्हणाली, जाजांना अजून किती उन्हाळे मिळणार आहेत? दोन उन्हाळे गाडी खोलून ठेवायची? आहे तशी राहू दे. चालवू दे. मजा करू दे.

मारिसाला नोरा झाल्यापासून घरात सगळेच कॅझना जाजा आणि लोरेनला बुशा म्हणू लागले होते, पोलिश घरांतले आजोबा आणि आजी. जाजांनी टेबलावरून हात पुढे करून मारिसाचं मनगट दाबलं, दोन पेरं नसलेल्या त्या हाताने. "कॉलेजवालीला कळतं बघ," ते डेरेकला म्हणाले.

ऑगस्टातल्या त्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या दरवर्षीच्या फेरीची रांग लागली होती. दोन्ही कडेला घडीच्या खुर्च्या टाकून माणसं बसलेली. डेरेकची कामावरची पाळी होती, तो दुपारी येणार होता. जाजा चालवत होते, मारिसा शेजारी, लोरेनच्या जागेवर. मागे लहानांच्या सीटमध्ये पट्टे बांधलेली तीन वर्षांची नोरा. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. पुढचा एक जण चौकाचौकात थांबून इंजिन ओरडवत होता आणि नोरा कानांवर हात दाबून रडायला लागली. त्यात बारीक पाऊस आला. मारिसाने दाराचा दांडा फिरवून काच पूर्ण वर केली. स्वतःच्या हाताने. जाजांनीही आपली केली.

नोरा गप्प झाली. मग झोपली.

मारिसा काळजी करणारी आई होती. द्राक्षं चार तुकडे करून देणारी, झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून बघणारी. डेरेक तिला 'पहारेकरी' म्हणायचा. तिने त्या तासाभरात तीनदा मागे वळून पाहिलं. नोराचे गाल गुलाबी झाले होते. तोंड किंचित उघडं. इतकी गोड दिसत होती की मारिसाने फोटो काढला.

जाजा कपाळ चोळत होते. "रविवारचं डोकं," ते म्हणाले. हा त्यांच्या घरातला जुना शब्द. चर्चनंतर सगळे गाडीतून फेरफटका मारून आले की डोकं धरायचंच, आणि दोष शनिवारच्या व्होडकाला जायचा.

"आज शनिवार आहे," मारिसा म्हणाली. तिचंही डोकं ठणकत होतं. तिला वाटलं, भूक.

मग मागून ओकल्याचा आवाज आला. नोरा उलटी करत होती आणि जागी होत नव्हती. मारिसाने हाक मारली. पुन्हा मारली. पट्टा काढताना तिची बोटं तिचं ऐकत नव्हती. पोरीला उचलून ती रस्त्यात उतरली तेव्हा मान अशी मागे पडली की कडेच्या खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली.

रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईने आधी घरातल्या हीटरबद्दल विचारलं. मग गाडीबद्दल. कुठल्या सालची, हे ऐकल्यावर तिचं पेन थांबलं. नोरा, मारिसा, जाजा, तिघांच्याही तोंडावर प्राणवायूचे मुखवटे चढले. गाडीच्या धुरातला विषारी वायू, वास नसलेला. आणखी अर्धा तास गेला असता तर, एवढं बोलून ती थांबली, वाक्य तिने पुरं केलं नाही. मारिसाला ते पुरं करता येत होतं. रक्तातला प्राणवायू कशाने हटतो, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. त्यात तिला चांगले गुण होते.

सकाळी नोरा उठून बसली आणि म्हणाली, "माझा एक बूट कुठाय?" तो वुडवर्डवर पडला होता. मारिसा स्वच्छतागृहात जाऊन भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, आला तो राग.

आठ दिवसांनी जाजांच्या गॅरेजमध्ये पुन्हा तेच तीन पुरुष उभे होते. मारिसा दाराशी. व्हर्न सांगत होता की म्हणूनच मूळचं ते मूळचं, नळ्या कारखान्याप्रमाणे मागपर्यंत गेल्या की प्रश्न मिटला. डेरेक मान हलवत होता. मग हिरव्या रंगाची गोष्ट निघाली. मग बंपरला मुलामा कुठून करायचा. व्हर्न म्हणाला, शेवटी दोनच वाटा असतात, मूळ रूप किंवा मजा.

मारिसा पुढे आली. कुणाला काही न विचारता ती गाडीत वाकली आणि मागच्या सीटला गुडघा लावून तिने ती मागे रेटली.

"काय करतेस?" डेरेक म्हणाला.

"माझी पोरगी कशावर बसली होती ते बघतेय."

सीट कडकडत सुटली. उलटी केली तर स्प्रिंगांत एक पिवळा पडलेला, कडा खाल्लेला कागद अडकलेला. व्हर्नच्या घशातून असा आवाज निघाला की जणू त्याचंच मूल सापडलं. त्याने तो दोन बोटांनी अलगद सोडवला. डेरेकही त्यावर वाकला.

मारिसा खाली बघत होती. गालिचा सरकला होता. पत्र्याला गंजून मुठीएवढी भोकं पडली होती, त्यांतल्या एकावर जुनी नंबरपाटी ठोकलेली आणि तीही गंजलेली. आणि सीटच्या पाठीमागे, डिकीकडून जिथून हवा यावी त्या फटीत, गाडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक कापडी वळकटी दाबून बसवलेली. बारीक, जवळजवळ घातलेले टाके. ते टाके मारिसाने घरातल्या प्रत्येक दाराशी पाहिले होते. कापडावर पिवळी बदकं होती. मधला भाग उंदरांनी खाऊन टाकला होता.

"ही माझी दुलई आहे," डेरेक म्हणाला. "लहानपणची."

व्हर्नने कागद खाली केला.

"तुम्हाला माहीत होतं?" मारिसाने जाजांना विचारलं.

"वळकटीचं नाही." जाजा गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. बराच वेळ त्यांनी तो हात हलवला नाही. "एकदा म्हणाली होती ती. चौऱ्याऐंशी साली. धूर आत येतो, पोराचं डोकं दुखतं. मी म्हटलं, तुझ्या डोळ्यांत ही गाडी पहिल्यापासून खुपते. पंधरा दिवस बोललो नाही तिच्याशी. मग ती परत कधी म्हणाली नाही."

डेरेकने चष्मा काढला. सहाव्या वर्षी, डोकं दुखतं म्हणून, त्याला तो पहिल्यांदा लावला होता. तो काढलेला चष्मा शर्टाला पुसत राहिला.

"पंधरा दिवस," मारिसा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच डेरेक एक पाऊल मागे सरला. "तुम्ही पंधरा दिवस अबोला धरलात. तिने चौतीस वर्षं थंडी खाल्ली. आणि तुम्ही तिच्यावर विनोद करत होतात."

"मी त्यावर हसत होते. मला तर तिने नीट शब्दांत सांगितलं होतं. तिने स्वतःचा जीव जात असताना आठवण करून दिली असती तरी मी बशीच पुसत राहिले असते." ती वळकटी उचलायला गेली तर चिंध्या गळून पडल्या. तिने त्या एकेक वेचल्या, उंदरांनी कुरतडलेल्यासुद्धा. व्हर्नच्या हातातल्या कागदाकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

त्यानंतर सहा आठवडे तिने नोराला जाजांकडे नेलं नाही. रविवारी फोन वाजायचा, डेरेक उचलायचा. हे चूक की बरोबर, ह्याचा विचारही तिने केला नाही.

ऑक्टोबरात जाजांनी बोलावलं, एकदाच, आणि तेही तिलाच. गॅरेजचं दार उघडं होतं. गाडी जांभळीच होती. व्हर्नला त्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं. पोटाखालचा तळ नव्या पत्र्याने सांधला होता, वेल्डिंगचे टाके स्वतः मारलेले, कारखान्यातल्यासारखे सलग. धुराच्या नळ्या मागच्या बंपरच्या बाहेर आणल्या होत्या; जांभळीचा आवाज आता कुठल्याही म्हाताऱ्या गाडीसारखा येत असे. मागची सीट नव्हती. तिथे नुसता पत्रा. तिथे पुन्हा कुणाला बसता येणार नव्हतं.

आणि लोरेनच्या बाजूची काच चार बोटं उघडी होती. दारावर जिथे काच फिरवायचा दांडा असतो तिथे फक्त एक खुंट उरला होता.

जाजांनी दांडा खिशातून काढून तिच्यापुढे धरला. "आतून पाचर मारलीय. वर जाणार नाही."

"डॉक्टर म्हणाल्यात, खिडकी हा काही इलाज नव्हे," मारिसा म्हणाली.

"इलाज खाली केलाय. वायू मोजायचं यंत्र लावून गाडी तपासून आणलीय." ते दांड्याकडे बघत राहिले. "हे इलाज म्हणून नाही."

शेजारच्या सीटवर पाऊस येऊन चामड्याला डाग पडले होते. त्यावर त्यांनी एक टॉवेल घडी करून ठेवला होता. मारिसाने दांडा घेतला. त्यांना माफ केलं का, असं डेरेकने संध्याकाळी विचारलं, तेव्हा ती नोराचे केस कोरडे करत होती, ओले राहू नयेत म्हणून, आणि ती तशीच पुसत राहिली.

दांडा तिच्या स्वयंपाकघरात सिंकच्या वर ठेवलेला असतो. बशा पुसताना समोर येईल असा. आलेलं माणूस विचारतंच, हे काय. मग ती सांगते. बालवाडीच्या दाराशी उभ्या असलेल्या आयांना सांगते, त्यांना जुन्या गाड्यांशी काही देणंघेणं नसलं तरी. त्या "बरं" म्हणतात, आणि तोंड वळवतात, तिला ते दिसतं. तरी सांगते.

तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. गाडी कुठलीही असो, हसू आलं तर हसा, पण मागे वळून बघा. झोपलेलं लेकरू फार गोड दिसतं, फसायला होतं ते तिथेच. नुसतं बघून भागवू नका. नाव घेऊन हाक मारा, आणि उत्तर आल्याशिवाय पुढे तोंड करू नका. रडलं तरी चालेल.