तपासणीची दहा मिनिटं

वर्षातून एकदा शिक्षण खात्याच्या तपासनीसबाई येतात आणि आमची खोली तासभर शाळा होते. शिवणयंत्रावर चादर टाकायची, गिऱ्हाइकांचे कपडे पलंगाखाली ढकलायचे, भिंतीवर वेळापत्रक डकवायचं. घरी शिकवायचं म्हटलं की कायद्याला सगळं लेखी लागतं: वर्षभराची हजेरी, दर महिन्याच्या कामाचे नमुने, काय शिकवणार त्याचा आराखडा. दिवसभर शिवायचं, मग भागाकार शिकवायचा, मग शिकवला म्हणून लिहायचं. जीव नकोसा होतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या ठकीला वर्गात फिट आली, पोरं हसली, आणि मी मुख्याध्यापिकेला तोंडावर सांगून आले, माझी मुलगी मी शिकवीन. तेव्हा तोरा होता. आता दोन वर्षं फिट नाही. डॉक्टर म्हणतात, खुशाल शाळेत घाला. पण "जा" कुठल्या तोंडानं म्हणू? पोरीला वाटेल, आई कंटाळली. कंटाळलेच आहे, तो भाग वेगळा.

"ताई, तुम्ही जरा बाहेर थांबा," बाई म्हणाल्या. मुलीशी दहा मिनिटं एकटीशी बोलायचं, असा नियमच आहे. मी जिन्यात जाऊन बसले. खोटं कशाला बोलू, मनात एकच होतं: या बाईनं परवानगी नाकारावी. म्हणजे खातंच तिला शाळेत धाडेल, आणि मी खात्याच्या नावानं बोटं मोडायला मोकळी.

बाई बाहेर आल्या. "छान तयारी करून घेतलीत. अपूर्णांकाचं एकही गणित चुकलं नाही. आणखी वर्षभराची परवानगी मिळेल. दोघींच्या सह्या करून कागद शुक्रवारपर्यंत पाठवा."

मी आभार मानले. आणखी एक वर्ष.

आत ठकी शिवणयंत्रावरच्या चादरीची घडी घालत होती.

"सगळी गणितं बरोबर आली म्हणे," मी म्हटलं.

"हो. दोन मुद्दाम चुकवणार होते."

"का गं?"

"म्हणजे त्यांनी शाळेत घाला म्हणून सांगितलं असतं." ती चादरीकडेच बघत होती. "पण मग कागदावर लिहिलं असतं ना, आईला शिकवता येत नाही."

मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

"एवढी घोडी झालीस, मला तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"तुला वाईट वाटलं असतं. तू एवढं करतेस."

मी फाइल उपसली. चार वर्षांचा गठ्ठा बाजूला केला तेव्हा अगदी तळाशी शाळेत परत घालण्याचा अर्ज सापडला. एकच पान. नाव, वय, पत्ता भरला आणि "घरचे शिक्षण थांबवण्याचे कारण" या ओळीपाशी पेन अडलं. मी कंटाळले, एवढं लिहायला जागा होती.

ठकीनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं, "आईचं शिकवून झालं."

मग खाली सह्या केल्या, आधी तिनं, मग मी.