नेसायची का द्यायची?

मी एक साडी बोलतेय. रंग मोरपंखी, काठ बोटभर जरीचा. फार भारी नाही, अगदी हलकीही नाही. जन्म यंत्रमागावरचा, त्यातला खडखडाट तेवढा आठवतो. शहाणपण मात्र आलं ते लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात.

तिथे गादीवर बसणारे काका प्रत्येक बाईला पहिला प्रश्न एकच विचारायचे, "नेसायची का द्यायची?" नेसायची म्हटलं की त्यांचा हात वरच्या फळीकडे जायचा. द्यायची म्हटलं की खालच्या गठ्ठ्याकडे. त्या खालच्या बिचाऱ्या ओटीतून ओटीत फिरत राहतात, कुणाच्या अंगाला लागतच नाहीत. मी मधल्या फळीवर होते. आपण कोणत्या, हे मला कळत नव्हतं.

एक दिवस धायरीच्या विजयमालाबाई आल्या, सोबत यजमान सर्जेराव. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "एका रंगाच्या तीन काढा. घरच्यांचा फोटो काढायचाय. फोटोवाला म्हणतो, रंग जुळला पाहिजे."

"जुळवू की," काका म्हणाले. "माणसं जुळोत न जुळोत, साड्या जुळतात."

अशा आम्ही तिघी निघालो. एक बाईंना, एक त्यांच्या सुनेला आणि मी सर्जेरावांच्या बहिणीला, लोणी काळभोरच्या सरूबाईंना. म्हणजे मी द्यायचीच की! पण घरी आल्यावर बाईंनी मला मांडीवर घेऊन हातानं फॉल लावला आणि माझ्या घडीच्या पोटात शिवलेलं ब्लाउज ठेवलं. मी जरा सुखावले. तोच सर्जेराव फोनवर कुणाला तरी म्हणाले, "सरूला येऊ द्या. फोटो झाला की जागेचं बोलू." माझ्या जरीवर काटा आला.

कारण दुकानात मी ऐकलं होतं ना! वडिलांच्या जमिनीवर इमारती यायच्या झाल्या की भावांना बहिणीची आठवण येते. तिनं वाट्यावरचा हक्क सोडल्याचा कागद होतो, आणि मग तिला साडी नेसवून सासरी पाठवतात. त्या साड्याही एका रंगाच्याच घेतात, बहिणी जितक्या असतील तितक्या. मी त्यातली तर नाही?

सर्जेराव स्वतः मला घेऊन लोणीला आले. घाईत होते. अर्धा कप चहा तसाच ठेवून उठले.

"रविवारी हीच नेसून ये," ते म्हणाले. "केस नीट बांध, बांगड्या हिरव्या घाल. अन् हाताला मेंदी नको लावू. फोटोवाला म्हणतो, हात काळे दिसत्यात."

ते गेले आणि शेजारच्या मुक्ताबाई आल्या. त्यांच्या भावानं त्यांना असंच फोटोला म्हणून नेलं होतं. एका कचेरीत छोट्या कॅमेऱ्यापुढे बसवलं आणि अंगठा यंत्रावर टेकवून घेतला.

"मेंदी नको म्हणाला?" मुक्ताबाईंनी डोळे बारीक केले. "अगं, अंगठा चांगला उठावा म्हणून! खुळी का काय तू? नेसू नको. घडी मोडलीस की घेतलीस असं होतं."

सरूबाईंनी मला उचललं ते विंचू उचलावा तसं. घडी न मोडता देवापुढे ठेवलं. बाई सोमवार सोडायच्या नाहीत, संकष्टी सोडायच्या नाहीत. देवीच्या टाकाला त्यांनी फूल चिकटवलं आणि हात जोडले. "आई, उजवं दे, म्हणजे जाते. डावं दिलंस तर ही साडी परत पाठवते. पण भावाला वाईट बुद्धी देऊ नकोस गं."

दिवा शांत होत आला तरी फूल हलेना. मग पडलं, ते ना उजवीकडे ना डावीकडे. थेट समोर, माझ्या अंगावर. बाई पुटपुटल्या, "समोर जा म्हणतेस होय?"

म्हणून रविवारी त्या आल्या. पण आपली जुनी विटकरी साडी नेसून, आणि मी पिशवीत, होते तशी.

सिंहगड रोडवरच्या फोटो स्टुडिओत नुसती धांदल होती. भिंतीवरच्या आरशापुढे सर्जेराव भांग पाडत होते. केसांना कलप लावलेला, त्याचा एक डाग कपाळावर राहिलेला. मधल्या खुर्चीत त्यांच्या आई तुळजाबाई. त्यांच्या नऊवारीवर मोरपंखी शाल गुंडाळलेली. "या वयात मला पोपट केलाय यांनी," त्या लेकीला म्हणाल्या. "पण आलीस बाई. आता फोटो पुरा व्हईल. इतकीच आस हाय माझी."

"वन्सं, साडी?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"आणलीय. घडी मोडली नाही," सरूबाई म्हणाल्या आणि आईशेजारी बसल्या. समोर कॅमेरा, कोपऱ्यात कॉम्प्युटर, त्याला कसलं तरी काळं यंत्र जोडलेलं. बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आत्या, हात बाहेर. मांडीवर," फोटोवाला म्हणाला. हात हलले नाहीत. "आत्या, हात—"

"फोटो काढ," सरूबाई कडाडल्या. "अंगठा मी देणार न्हाई."

सर्जेरावांचा चेहरा कपाळावरचा डाग सोडून पांढरा पडला.

"अंगठा? तुला वाटलं मी..." ते खाली बघत म्हणाले. "जागेचं बोलणार हुतो, खोटं कशाला सांगू. आईसमोर बोलणार हुतो. सही मागाय न्हाई. वाटण्या करायच्यात. तुला तुझा वाटा रस्त्याकडं पायजे का विहिरीकडं, इतकं इचारायचं हुतं."

"असंच बोलत्यात सगळे आधी," सरूबाई म्हणाल्या. पण आवाज मघासारखा राहिला नव्हता.

तेव्हा विजयमालाबाईंनी मला पिशवीतून काढलं आणि सरळ माझी घडी मोडली. झटक्यात! माझा काठ उलटा करून नणंदेच्या पुढ्यात धरला. "हे बघा वन्सं. द्यायच्या साडीला कुणी फॉल लावतं का? चष्मा लावून टाके घातलेत मी."

ब्लाउज खाली पडलं. सरूबाईंनी उचललं, बाह्या बघितल्या. "हे माप कुठलं?"

"आईंच्या दुखण्यात आला होतात, तेव्हा तुमचं एक ब्लाउज दोरीवर राहिलं होतं. त्यावरून शिवून घेतलं. नवं माप द्यायला तुम्ही आलात कुठं?"

सरूबाई मला छातीशी धरून पडद्यामागे गेल्या. विजयमालाबाईही गेल्या. ब्लाउजला हूक काही लागेना.

"श्वास घ्या वन्सं."

"घेतलाय की! आणखी किती घेऊ? तुझं माप जुनं, मी काय करू?"

मग विजयमालाबाईंनी दातानं शिवण उसवली, मागे सेफ्टी पिन लावली आणि दोघी इतक्या हसल्या की माझ्या निऱ्या दोनदा सुटल्या. बाहेरून तुळजाबाई ओरडल्या, "फाटलं तर फाटू द्या! मागनं कोण बघतंय?"

त्या फोटोत सरूबाईंचे दोन्ही हात मांडीवर आहेत. संशय त्याच क्षणी पुरता गेला असं मी म्हणणार नाही. माझ्या मोडलेल्या घडीची रेघसुद्धा दोन धुण्यांनंतर गेली. पण हात बाहेर आले. पुढे वाटण्या झाल्या, आणि बाईंनी विहिरीकडची बाजू घेतली.

आता तुळजाबाई नाहीत. फोटो लोणीच्या भिंतीवर आहे. माझा फॉल एकदा बदलून झालाय, निऱ्यांपाशी रंग विटलाय. प्रत्येक मंगळागौरीला, प्रत्येक हळदीकुंकवाला मी गेलेय. बायांनो, तुम्हाला हात जोडून सांगते, साडी द्यायची असली तरी नेसायच्या फळीवरची निवडा. घेणारीला कळतं हो.

परवा सरूबाईंची सून कपाट आवरत होती. मला वर धरून म्हणाली, "आई, ही जुनी झाली. कामवाल्या मावशींना द्यायची का?"

माझा जीव काठात गोळा झाला.

सरूबाईंनी चष्म्यातून पाहिलं. "त्यांना माझी नवी जांभळी दे," त्या म्हणाल्या. "ही ठेव. ही नेसायची आहे."