वगळलेल्या अकरा फटी

मित्रांनो, आज माझ्या तारा स्वच्छ पुसून गुंडाळून ठेवल्या आहेत, तरी मला स्वस्थता नाही. स्वस्थता माझ्या पत्रिकेतच नाही म्हणा! हृदयाचे ठोके टिपणारा जुना डबा मी. एका कोपऱ्याला पोचा, कडेला तीन तारा, पोटात स्मृती. प्रयोगशाळेत मला सगळे 'डबा'च म्हणतात. आधी लाडाने म्हणत, पुढे पुढे वैतागून.

कारखान्यात माझा शेवटचा स्क्रू पिळणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. "येईल ते लिही. मनाचं काही घालू नकोस," त्या म्हणाल्या होत्या. तेवढी एकच शिदोरी घेऊन मी जगात आलो.

माणूस निवड कशी करतो, याचा शोध आमच्या प्रयोगशाळेत चाले. समोरच्या पडद्यावर दोन पेट्या दिसत. एकीत थोडे पण हमखास गुण, दुसरीत भरपूर गुण नाहीतर भोपळा. खुर्चीतल्या माणसाने बटण दाबायचे, डावे किंवा उजवे. गंमत अशी, की बोट हलण्याआधीच छातीत चुळबूळ होई आणि दोन ठोक्यांमधले अंतर किंचित बदले. ते अंतर मी टिपायचो. त्यातून सूत्रे काढायचे आमचे सर. ते गणिती, त्यांच्या बाहीला कायम खडू. पाहुणे आले की ते मला टेबलाच्या मधोमध ठेवत आणि म्हणत, "हा कधी खोटं बोलत नाही." तेव्हा मी केवढा फुगायचो!

रोज सकाळी प्रयोगाआधी माझी चाचणी होई. त्यासाठी प्रयोगशाळेची देखभाल करणारे काका पाच मिनिटे छातीला तारा लावून बसत. "मला कसली निवड?" ते हसत. "घरी दोनच पर्याय. बायकोचं आत्ता ऐका, नाहीतर मागाहून ऐका." मग वहीत नोंद होई : 'तारांची चाचणी, ठीक.' दर शनिवारी माझी स्मृती पुसली जाई. अकरा वर्षे मी ज्यांचे ठोके रोज टिपले, त्यांचे ठोके कोणी एकदाही वाचले नव्हते.

आणि मग, दोन महिन्यांपूर्वी, काकांच्या ठोक्यांत फटी पडू लागल्या. हृदय चालता चालता थबके. दोन सेकंद, कधी तीन. पुन्हा चालू. मी येईल ते लिहीत होतो. पण माझे लिहिलेले संगणकात जाई आणि तिथे सरांनी एक चाळणी बसवली होती. दोन सेकंदांहून मोठी फट म्हणजे तार सुटली, असे समजून ती वगळायची. चाळणी वाईट नव्हती. माणसे खुर्चीत वळवळतात, तारा खरेच सुटतात. पण वगळलेल्या फटी वाढल्या आणि खापर फुटले माझ्यावर. डबा म्हातारा झाला, कामातून गेला! माझ्या तारा कोणी पुसेना. चिरलेल्या तारेला चिकटपट्टी गुंडाळली गेली. नवे यंत्र मागवले आणि मला भंगारात काढायचा शनिवारही ठरला.

भंगाराचे दुःख होतेच, पण खरा घोर काकांचा होता. मला जीभ कुठे होती?

त्याच शनिवारी संध्याकाळी सरांचा शोधनिबंध जायचा होता. त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या ताई सकाळपासून आकडेमोडीत बुडाल्या होत्या. त्यांची लेक पाळणाघरात, म्हणून फोन समोर उभा करून ठेवलेला. त्यांना तुलनेसाठी काही न निवडता नुसत्या बसलेल्या माणसाचे ठोके हवे होते. "अरे, काकांचे आहेत की!" त्यांनी माझ्यातली आठवड्याची नोंद काढली. पडद्यावर ओळ आली : अकरा फटी वगळल्या.

"सर, या अकरा?"

"हजारो ठोक्यांत अकरा म्हणजे काय गं? ठोके अनंत होत गेले, तर गणितात सीमेपर्यंत गेलं की शून्यच."

"काका सीमेपर्यंत जायच्या आत बघावं म्हणते."

"तुझा काळजीखोर स्वभाव! अगं, तो डबा जुना झालाय. पाठव निबंध."

ताईंनी पाठवला नाही. चाळणी बाजूला सारून त्यांनी माझी मूळ रेघ उघडली. फटीपाशी थांबल्या. तार सुटली की माझी रेघ मांजराने ओरबाडल्यासारखी होते. ही मात्र सरळ होती, निजलेल्या पाण्यासारखी. त्यांनी माझ्या त्याच तारा स्वतःला लावल्या. पाच मिनिटे एकही फट नाही. मी आतून ओरडत होतो : मी नाही, ताई, मी नाही!

"काका, जरा बसता?"

"सकाळी बसलो की! आता खुर्च्या हलवायच्यात."

"पाचच मिनिटं. माझ्यासाठी."

काका कुरकुरत बसले. एक मिनिट गेले. दोन. तीन. रेघ नेमाने उड्या मारत होती. सर घड्याळाकडे बघत होते. मित्रांनो, मला खोटे लिहिता आले असते, तर त्या क्षणी एक फट लिहून टाकली असती. पण ती शिदोरी! चौथे मिनिट संपता संपता रेघ आडवी झाली. एक सेकंद. दोन. तीन. वर थोडे.

"ताई," काका पुटपुटले, "दिवे गेले का?"

दिवे लख्ख लागलेले होते.

सरांच्या हातातला खडू खाली पडला. ताईंनी काकांचा दंड घट्ट धरला आणि सरांनी धावत गाडी काढली. निबंध तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, हे जिन्यात झाले असते तर कठीण होते.

तीन आठवड्यांनी काका परतले. गळ्याखालच्या हाडाशी एक छोटा उंचवटा होता. हृदय थबकले की त्याला ढोसणारे यंत्र आत बसवले होते. मला थोपटत ते म्हणाले, "डब्या, तुझा धाकटा भाऊ बरं का! तुझ्यासारखाच, झोपत नाही."

सरांनी चाळणी काढली नाही. पण वगळलेली प्रत्येक फट आधी डोळ्यांनी बघायची, हा नियम फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिला. नवे यंत्र आले. मला मात्र सकाळच्या पाच मिनिटांसाठी ठेवून घेतले.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा. त्या चुकतात, कबूल. पण चूक म्हणून काही खोडण्याआधी ते एकदा वाचून बघा. आणि तुमच्यासाठी रोज गुपचूप तारा लावून बसणारे जे कोणी असेल, त्याचीही कधी चौकशी करा.

उद्या सकाळी काका बसतील. मी मोजत राहीन, जीव मुठीत धरून. वहीत आता 'तारांची चाचणी' असे कोणी लिहीत नाही. तिथे काकांचे नाव असते, आणि त्यापुढे ताईंची सही : वाचले.