आमच्यात माणसं पडतात

मरण कशाने येणार हे आधी कळलं, तर माणूस त्याला सहज चकवू शकतो. माझ्या सासुरवाडीला हे तीन पिढ्यांपासून ठाऊक आहे, आणि तिथल्या एकाही पुरुषाने साठी पाहिलेली नाही.

कारण एकच, पडणं. आजेसासरे दुकानाच्या पायरीवरून पडले. सासरे दिवा बदलताना स्टुलावरून पडले. चुलतसासरे तर सायकलवरून पडले, आणि सायकल स्टँडवर होती. "आमच्यात दुखणं म्हणून नाही हो," सासूबाई तोऱ्यात सांगत. "डॉक्टरचं तोंड न बघता गेले सगळे."

म्हणून त्यांनी एकुलत्या मुलाला, म्हणजे माझ्या मेव्हण्याला, दादाला, पडण्यापासून जपलं. वरच्या मजल्यावरचं घर विकून तळमजल्यावर आल्या. सायकल भंगारात गेली. पळणं, पोहणं, चढणं बंद. धंदा घड्याळदुरुस्तीचा, कारण तो बसून होतो. दादा सकाळी खुर्चीत बसला की दुपारचं ताटही तिथेच येई, तेलातुपाने निथळणारं. त्याचं पोट टेबलाला टेकू लागलं तेव्हा सासूबाईंच्या जिवात जीव आला. "बूड जड असलं की माणूस कलंडत नाही." सिगारेटी तो बसूनच ओढायचा, त्यामुळे त्यांत धोका नव्हता.

पन्नाशी उलटल्यावर एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली, डाव्या हातात उतरली आणि गेली. माझ्या बायकोने भावाला माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं.

"घरात कोणाला हृदयविकार?" बाईंनी विचारलं.

"छे! आमच्यात माणसं पडतात," असं म्हणून दादाने तिन्ही पडझडी रंगवून सांगितल्या.

"वडील पडले तेव्हा हातांना लागलं होतं?"

"ओरखडासुद्धा नाही. कपाळ फुटलं तेवढंच."

"पडणारा माणूस हात पुढे करतो," बाई म्हणाल्या. "ज्याने केले नाहीत, तो बहुतेक पडायच्या आधीच गेलेला असतो. सिगारेट इथेच टाका आणि असेच मोठ्या दवाखान्यात जा."

रिक्षात दादा म्हणाला, "भावोजी, पोरगी हुशार आहे, पण आमचं घराणं तिला नवीन."

मोठ्या दवाखान्यात हृदयविभाग दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. शिपाई चाकाची खुर्ची घेऊन आला. मागच्या उतारावरून नेतो म्हणाला.

"चाकं? उतारावर?" दादाने कठडा धरला आणि आईला फोन लावला.

"जिने आहेत तिथे? आल्या पावली परत फिर!" फोनमधला आवाज शिपायालाही ऐकू गेला. मी दादाचा हात ओढला, शिपायाने समजावलं. पण एवढं वजन खेचणं आम्हा दोघांच्या आवाक्याबाहेरचं होतं. सासूबाईंचा उपाय गुणकारी ठरला. दादा कलंडला नाही.

त्याच आठवड्यात तो खुर्चीत बसल्याबसल्या गेला. डोळ्याला भिंग तसंच, चिमट्यात बारीकसा स्क्रू. तोही खाली पडला नव्हता.

डॉक्टरीणबाई आल्या, नाडी पाहिली आणि मान हलवली. सासूबाईंनी त्याचे तळवे उलटेपालटे करून पाहिले. मग खुर्चीचे चारही पाय पाहिले.

"हा तर पडलाच नाही," त्या म्हणाल्या.

"तुमच्यातलं कोणीच पडून गेलं नसावं, आजी."

दाराशी माझी बायको उभी होती. कोपऱ्यावरच्या आमच्या घरातून आली होती, तरी धापा टाकत होती. डोळे पुसून छातीवर हात ठेवत म्हणाली, "बाई, मलाही हल्ली चालताना इथे दाटून येतं. वाटलं, वय झालं. आमच्यात बायका पडत नाहीत ना."

"रक्त एकच आहे," बाई म्हणाल्या. "आत्ता निघा. रडणं तिथे बसून करा."

बायकोने आईकडे पाहिलं. सासूबाई खुर्चीपाशी खाली बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर मुलाचा तळहात होता, गुळगुळीत, कोरा.

"जा," त्या म्हणाल्या. "जिने असले तरी जा."

मी बायकोचा हात धरून निघालो, तोच मागून हाक आली.

"जावईबापू, दारातली ती सतरंजी तेवढी गुंडाळून ठेवा. पाय अडकेल तिचा."